आसामची पोरगी

आम्ही गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देणारी माणसं. कडेगाव-विट्याकडं घरटी एक तरी माणूस या धंद्यापायी परमुलखात असतो. आमचे हे काठमांडूला गेले आणि त्यांच्या मागनं मीही. अर्धी हयात तिथं गेली. घरमालकिणीला सगळे आमा म्हणत, म्हणजे आई. मीही म्हणायला लागले, आणि खोटं कशाला सांगू, सख्ख्या आईनं केलं नसेल एवढं तिनं माझं केलं. दसऱ्याला आपण घटाचं धान टोपीत खोवतो, तिथं थोरली माणसं ते धाकट्यांच्या कानामागं लावतात. आमा दरसाल ते आधी मला लावायची, मग तिच्या लेकींना. लेकी चिडायच्या.

एका वर्षी दोन्ही देशांचं बिनसलं. सीमेवर ट्रक अडकले, गॅस मिळेना, औषधं मिळेनात. गल्लीत पोरं जमली आणि इंडियावाल्यांना बाहेर काढा म्हणून ओरडायला लागली. आमचा जीव टांगणीला. आमा दारात जाऊन उभी राहिली. "हो, इंडियाची आहेत, आणि माझी आहेत. भांडायचं तर दिल्लीला जा," म्हणाली. मग आम्ही दोघींनी अंगणात चूल मांडली आणि गॅस येईस्तोवर एकत्रच रांधलं.

आता आम्ही कडेगावला परतलोय. गेल्या वर्षी आमाच्या नातीला सांगलीच्या एका कॉलेजात नर्सिंगला प्रवेश मिळाला. वसतिगृहात जागा नव्हती. मी फोनवर छाती ठोकून सांगितलं, "खोलीची काळजी नको, सांगलीत माझ्या नणंदेचं घर आहे."

नणंदेचा वरचा मजला रिकामाच होता. तो चढला तोही ह्यांच्या काठमांडूच्या कमाईवर. ओळखीची पोरगी आहे, एवढंच मी तिला कळवलं होतं. पोरीला घेऊन गेले. जिला मी पायावर घेऊन न्हाऊ घातलं, ती आता माझ्यापेक्षा वीतभर उंच! नणंदेनं चहा दिला, पोरीचं तोंड नीट न्याहाळलं आणि मला स्वयंपाकघरात ओढलं.

"वैनी, ही नेपाळची व्हय? आवं, गुरख्याची पोरगी ठेवली म्हणत्याल लोक. आन टीव्हीवर बघितलं न्हाई का, त्यांनी नकाशात आपली जमीन दावलीया. नको बाई ती भानगड."

तुझ्या डोक्यावरचा स्लॅबसुद्धा नेपाळचाच हाय, हे अगदी ओठावर आलं होतं. पण कॉलेज दोन दिवसांवर आलेलं, पोरगी बॅगा घेऊन बाहेर बसलेली, आणि आमाला मी शब्द दिलेला. भांडले असते तर खोली हातची गेली असती.

"न्हाई वो वन्सं," मी म्हटलं, "आसामची हाय ती. आपल्यातलीच."

जीभ कशी झडली नाही माझी!

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय!" नणंद खुलली. बाहेर येऊन पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. "आसामची का तू? मग आपलीच की गं!"

पोरीला मराठी येत नव्हतं, पण आसाम कळलं. तिनं माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता ही खरं सांगून मोकळी होणार. सांगितलं असतं तर मी सुटले असते. तिनं मान खाली घातली आणि "जी" म्हणाली.

तवापासून ती तिथंच राहते. "लय गुणाची पोरगी," म्हणून नणंद कौतुक करते. खालच्या खोलीत एक रिटायर्ड फौजी भाड्यानं आहेत, गुरखा पलटणीसंगं नोकरी केलेले. त्यांना नेपाळी समजतं. त्यांच्या कानावर बोली पडू देऊ नकोस, असं पोरीला मीच बजावलं. भल्या बाईनं करायचं काम होतं का हे?

परवा आमाचा फोन आला. आधी गुडघ्यांचं झालं, थंडीचं झालं. मग आवाज खाली आला.

"नात आताशा माझ्याशी हिंदीत बोलते गं. मी आपल्या भाषेत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, तेही हळू. मला निम्मं कळत नाही. माझं काही चुकलं का? तू तिथं जवळ आहेस, तिला विचारून बघ ना."

"विचारते, आमा," मी म्हटलं.