नाळेवरची राख

सत्तरच्या दशकात मी नर्स होते, तेव्हाची गोष्ट. वडनेरकडच्या एका खेड्यातली म्हातारी सुईण आमच्या दवाखान्यात मी घेत असलेल्या सुईणींच्या शिबिराला यायची. हजेरीवर तिचं नाव मीच लिहायचे, तरी आता आठवत नाही. तिचे हात आठवतात. ती कोपरापर्यंत साबण चोळायची आणि ब्लेड उकळताना भांड्यावरची नजर हलवायची नाही. बाकीच्या बाया हसायच्या. मी मात्र सगळ्यांसमोर तिचं कौतुक करायचे.

दोन महिन्यांनी तिच्या गावात, तिच्याच हातून जन्मलेलं सात दिवसांचं बाळ दगावलं. आधी ते दूध ओढेना, मग जबडा घट्ट बसला, अंग धनुष्यासारखं ताठलं. धनुर्वातच तो. आईला गरोदरपणी धनुर्वाताचं एकही इंजेक्शन मिळालं नव्हतं. मी तणतणत सुईणीचं अंगण गाठलं.

"विळ्यानंच कापली ना नाळ?"

तिनं शिबिरात मिळालेली पेटी आणून माझ्यापुढे उघडली. आतली कात्रीसुद्धा चकचकीत होती.

"नवं ब्लेड होतं, बाई. उकळून घेतलं. हात बी धुतले."

"मग नाळेवर काय लावलंस?"

"गोवरीची राख. चांगली चाळून लावली."

"अगं, शेणाची राख! तिच्यातूनच जातो हा रोग. कशाला लावलीस?"

तिनं पदराला हात पुसले.

"तुमी जे सांगतलं, ते समदं केलं. राखीचं मले कोनी इचारलंच नाई."

मी परत आले आणि अहवालात मृत्यूचं कारण लिहिलं: सुईणीचं अज्ञान. खाली सही केली.