पूजेतून सुटलेलं यंत्र

सगळं एका ठिकाणी असलं की शिस्त राहते, असं आमच्या विभागप्रमुखांचं ठाम मत होतं. म्हणून बडोद्याच्या आमच्या विभागात नवे संगणक आले ते हार्डडिस्क नसलेले. सगळ्यांच्या फायली एका सर्व्हरवर, सर्व्हर थंडगार खोलीत, आणि खोलीची किल्ली सरांच्या खिशात. सर्व्हर बंद पडला की अख्खा विभाग चहाला. मला ही व्यवस्था कधीच पटली नाही. माझ्या प्रबंधाची प्रत मी रोज फ्लॉपीवर घेऊन मांजलपूरला घरी नेत असे. सर हसायचे, "बाई, तुमचा कशावर विश्वासच नाही."

नव्हताच. प्रबंध द्यायची मुदत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. ती चुकली की नोंदणी रद्द, आणि आणखी एक वर्ष सासरी कोणी ऐकून घेतलं नसतं.

खंडेनवमीला सकाळी पोहोचले, तर सर्व्हरला झेंडूचा हार, कपाळी कुंकू, आणि वीज बंद. सरांच्या घरी पूर्वी तलवारी पुजायचे, आता सर्व्हर. पूजा झाली की दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. एकाला विश्रांती दिली आणि सगळेच आडवे झाले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटची दोन प्रकरणं छापायची होती.

अडगळीच्या खोलीत एक जुना संगणक पडला होता, स्वतःची हार्डडिस्क असलेला, शेजारी कर्कश प्रिंटर. शिपाई म्हणाला, "बेन, ए तो भंगार छे." मी धूळ झटकली, फ्लॉपी घातली. चालला की!

प्रिंटरचा आवाज ऐकून सर आले. "बाई, आज यंत्रं चालवायची नाहीत."

"याची पूजा तुम्ही केलीच नाहीत, सर. म्हणजे हे हत्यारच नाही."

सर निघून गेले. मी जागची हलले नाही. डबाही तिथेच खाल्ला.

दुपारी सर परत आले, हातात कागद. दसऱ्याच्या गाडीने त्यांना पुण्याला परिसंवादाला जायचं होतं, आणि निबंध सर्व्हरवर, हाराखाली. हाती नुसता खर्डा.

"जरा उठता का? टाइप करून घेतो."

"आधी माझा प्रबंध, सर."

ते मोडक्या स्टुलावर बसून राहिले. शेवटचं पान बाहेर आलं तेव्हा मी खुर्ची दिली आणि विचारलं, "फ्लॉपी आणलीत ना, सर?"