दारातूनच परत फिरलेल्या इनामदार मॅडम

“इनामदार गेली,” एवढंच म्हणून डॉ. भोसले मॅडमनी फोन ठेवला. दोघींचं उभ्या आयुष्यात पटलं नव्हतं, तरी बातमी कळवायला फोन आला तो त्यांचाच. महिना होत आला. आता लिहायला बसले आहे, तर आठवणींनी नुसती झुंबड उडवली आहे.

मी धायरीच्या एका हॉस्पिटलात गुणवत्ता विभाग बघते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे हे सांगताना मान जरा ताठच होते. मध्यंतरी आमच्याकडे ऑपरेशननंतर जखमा चिघळायला लागल्या. विमा कंपनीनं बजावलं, हॉस्पिटलशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या, नाहीतर कॅशलेस बंद. आमच्या मोठ्या सरांनी लगेच स्वतःच्या वर्गमित्राचं नाव काढलं. मी म्हटलं, “सर, ते तपासणार की गप्पा मारणार?” सर तापले. “मग तुम्ही आणा माणूस! विमावाल्यांनी नाही म्हटलं, तर दुसरी नोकरी बघा.”

मी थेट नारायण पेठ गाठली. निवृत्त सर्जन डॉ. इनामदार अशा तपासण्या करत, आणि त्यांचा दरारा मोठा. त्या हो म्हणाल्या तेव्हा मी जिना जवळजवळ उड्या मारतच उतरले! ठरल्या दिवशी मॅडम आल्या, दाराशी लावलेला डॉक्टरांच्या नावांचा फलक वाचला आणि तिथूनच परत फिरल्या. “हा भूलतज्ज्ञ माझा विद्यार्थी. माझ्या घरी जेवलेला पोरगा. त्याच्या कामात मला खोट दिसायची नाही.” मी रडकुंडीला आले. “मॅडम, आता कुणाला आणू?”

“विश्रांतवाडीला भोसले राहते. तीही सर्जनच. तुमच्याकडे तिच्या ओळखीचं कुणी नाही, आणि तिला कुणी आवडतही नाही. मी तर नाहीच. मी अर्धवट सोडलंय म्हणून सांग, धावत येईल.”

आणि खरंच आल्या की! ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र आमची माणसं घाईघाईत, पुरता वेळ होण्याआधीच उघडत होती. भोसले मॅडमनी ते पकडलं आणि ऑपरेशनं तिथल्या तिथे थांबवायला लावली. सर लालबुंद! पण सगळ्यांना नव्यानं शिकवलं, जखमा स्वच्छ भरू लागल्या, अहवाल मान्य झाला, माझी नोकरीही राहिली. मी आनंदानं इनामदार मॅडमना फोन केला, तर म्हणे, “हुरळू नकोस. पुढच्या वेळी तिलाही बदल. एव्हाना तुमचा चहा आवडायला लागला असेल.”

शोकसभेला मी भाषण पाठ करून गेले होते. उठणार तोच भोसले मॅडमनी हात धरून खाली बसवलं. “तू बस. तुझा तिच्यावर जीव होता, तुझं कोण खरं मानेल? मी बोलते.”

उभ्या राहून म्हणाल्या, “इनामदार हेकट होती. चारचौघांत माणसाचा पाणउतारा करायची. माझं तिचं कधीच जमलं नाही.” लोक अवघडून इकडेतिकडे बघू लागले. मॅडम चष्मा पुसत राहिल्या…

“माझ्या पोटात गाठ निघाली, तेव्हा पुण्यात सर्जन काय कमी होते? सुरी मी हिच्याच हातात दिली.”