ताटलीतले काळे जव

यशवंतरावकाकांनी जव भाजून दिले, म्हणून माझी काळी बिअर झाली. आधी त्यांचं नाव घेतो, कारण पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

मी उदगीरकडचा. आठवीत शाळा सुटली, हॉटेलांत भांडी घासत घासत म्हैसूरला आलो आणि योग शिकायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या एका घरात स्वयंपाकाला लागलो. कन्नड येत नव्हतं. समोर काकांचं कॉफी भाजून विकायचं दुकान. दारावर पाटी — 'चिकोरी नाही', म्हणजे कॉफीत स्वस्त मुळांच्या पुडीची भेसळ नाही. त्यांचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेतले. घरी अजून मराठी, पण निम्मी कन्नड. 'ऊटा झाला का रे?' म्हणजे जेवलास का — एवढं विचारणारं या गावात मला दुसरं कोण होतं?

आमच्याकडे एक आयरिश पाहुणा बरेच महिने राहिला. त्याला त्याच्याकडची काळी, कडसर बिअर आठवायची. स्टाउट. ती धान्यापासून कशी करायची ते त्याने मला शिकवलं. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भरडायचे — नाचणीसत्त्वासारखंच. मग हात पोळेल पण उकळणार नाही अशा पाण्यात मुरवायचे, गाळायचं, हॉप्सची कडू फुलं टाकून उकळायचं, गार झालं की यीस्ट. तो गेला तरी मी मागच्या खोलीत करत राहिलो. खरं सांगू? आयुष्यात पहिल्यांदा मला असं काही येत होतं, जे आसपास कुणालाच येत नव्हतं.

पण त्या बिअरचा काळेपणा येतो तो मोड न आणलेले जव कॉफीसारखे भाजून. माझ्या तव्यावर निम्मे जळायचे, निम्मे कच्चे. काकांकडे कॉफी भाजायचा ड्रम होता. पण काका भजनाला बसणारे, दारूचं नाव काढलं की उठून जाणारे. मग मी काय केलं? म्हणालो — आईचा चहा-कॉफी डॉक्टरांनी बंद केलाय, भाजलेल्या जवाची पूड गावी पाठवायचीय. आई ठणठणीत होती. काका दर वेळी भाजून द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत, आणि विचारायचे, 'आई बरी आहे ना रे?' मी म्हणायचो, तुमच्यामुळेच.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही.

एकदा त्यांना भजनाला लवकर जायचं होतं. ड्रम माझ्यावर सोपवला. जव निघाले की टाकाऊ बिया फिरवून ड्रम साफ कर, गार करायचं ताट झाडून घे, असं दोनदा बजावलं. तिकडे माझं पाणी शेगडीवर तापत होतं. मी जव पिशवीत भरले आणि पळालो.

सकाळी त्याच ड्रममधून कृष्णराजनगरच्या एका लग्नघराची कॉफी निघाली. पुढे त्या घरच्या बाई परत आल्या. हातात स्टीलची ताटली, तिच्यात बियांतून निवडून काढलेले काळे जव. दुकानात गिऱ्हाईकं होती. मीही होतो — काकांनीच दिलेल्या कॉफीचा पेला हातात धरून.

'काय हो यशवंतराव, चिकोरी नाही म्हणून एवढ्या लांबून येतो, नि तुम्ही जव घालता? ही पाहुण्यांना द्यायची की म्हशीला?'

कुणीतरी हसलं.

काकांनी ताटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. रागाने नाही हो — वाट पाहिल्यासारखं. जव माझे आहेत, इतकंच म्हणायचं होतं. पण पुढचा प्रश्न आला असता ना — कशाला? घरात विनापरवाना दारू करतो हे कळलं तर नोकरी, खोली, पोलीस… तेवढ्यात बाईंनी मलाच विचारलं, 'तू इथलाच ना? जव भाजतात का इथं?'

मी म्हणालो, 'मला काय माहीत.'

काका म्हणाले, 'चूक माझी, अम्मा,' आणि सगळी कॉफी बदलून दिली. बाई गेल्यावर मी काही बोलणार, तर त्यांनी हात हलवला. 'इरली बिडप्पा.' असू दे, सोड.

सुटलं कुठे? लग्नाची गिऱ्हाईकं दुसरीकडे जाऊ लागली. येणारे ती पाटी मोठ्याने वाचून दाखवायचे आणि हसायचे. एके दिवशी पाटी दिसली नाही. काकांनीच काढली होती.

आणि हे — इथे यायलाच मी एवढा वेळ लावला. पाटी उतरवल्यावर थोड्याच दिवसांनी काकांनी मला हाक मारून एक पुडा दिला. भाजलेले जव. घरी कढईत, स्वतः ढवळत भाजलेले. 'ड्रममध्ये नको आता,' म्हणाले, 'पण आईचं थांबायला नको.' एकसारखे काळे, एकही करपलेला नाही. मी ते घेतले. परत केले नाहीत, फेकले नाहीत. त्यांची बिअर केली. तेवढी चांगली माझ्या हातून कधीच झाली नव्हती. आणि मी ती प्यायलो, सगळी. आवडली मला.

त्यानंतर पुन्हा केली नाही. त्याने काय होतं?

काका अजून दुकानात बसतात. ड्रमवर गोणपाट टाकलंय, दुसऱ्यांनी भाजलेली कॉफी विकतात. आज सकाळीही विचारलं त्यांनी, आई बरी आहे ना. मी हो म्हणालो.

त्यांचं देणं मी फेडीन. कृष्णराजनगरला त्या बाईंच्या दारात जाऊन, माझ्या मोडक्या कन्नडात सांगीन, ते जव माझे होते, आणि कशासाठी होते. मग इथे येऊन, दुकानात गिऱ्हाईकं असताना, काकांसमोर उभा राहीन. आणि आईपासून सुरुवात करीन.