ओठांवरचं बोलणं

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आयुष्य मागावर गेलं. आमचं गाव कापडाचं, कर्नाटकच्या सीमेला लागून. गिरणीत शेकडो मागांच्या खडखडाटात कुणाचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून विणकर ओठांवरूनच बोलणं ओळखायचे. मराठी, कन्नड, तेलुगू, तिन्ही. पन्नाशीत कान गेले तरी अप्पांचं काही अडलं नाही. शाळेत कुणाशी भांडले ते मी आईच्या कानात सांगायची आणि पार अंगणातून अप्पा हसायचे.

गिरणी केव्हाच बंद पडली. तिथं आता मॉल आहे, आणि उरलेल्या चिमणीला रोषणाई केलीय, लोक तिच्यापुढे सेल्फी काढतात. गल्लीतली पोरं पुण्याला गेली, निम्म्या घरांना कुलपं. आई गेल्यावर मी अप्पांना इकडे परदेशात, हॅमिल्टनला आणलं, रोटोटुनातल्या आमच्या घरी, कायमचं राहायला. मी काम करते त्या फार्मसीतल्या सगळ्यांना महिनाभर आधी सांगून झालं होतं.

इथं मात्र अप्पांची डाळ शिजेना. इथली माणसं ओठ जेमतेम हलवून बोलतात. माझ्या लेकीला मराठी कळतं, पण ती बोलते इंग्रजीत. अप्पा तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि अंदाजानं ठोकून द्यायचे. एकदा पोहण्याचे कपडे शोधत तिनं विचारलं, "आजोबा, हॅव यू सीन माय टॉग्ज?"

"जेवलो की बाळा," अप्पा म्हणाले.

ती खूप हसली. अप्पाही हसले. पुढे पुढे तिनं विचारणंच सोडलं.

एका शनिवारी त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि विसरले. पातेलं करपलं, धुराचा अलार्म कोकलत राहिला, त्यांना पत्ताच नाही. मी आणि नवरा कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन आलो, तर दारात घाबरलेली शेजारीण, घरभर धूर, आणि अप्पा मागच्या अंगणात निवांत कोथिंबीर खुडतायत. माझं डोकंच फिरलं. मागचं काचेचं दार सरकवून बंद केलं आणि नवऱ्याला म्हणाले, "परत पाठवू यांना. मला नाही झेपत आता. नकोसं झालंय." वर आवाजही खाली आणला होता, शहाणीनं.

मान वर केली तर काचेपलीकडे अप्पा उभे. माझ्या तोंडाकडे बघत होते.

आत आले, कोथिंबीर ओट्यावर ठेवली, हात धुऊन जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तिकीट काढ पोरी. मला आपल्या गावचीच हवा मानवते." तेव्हाच पाय धरायला हवे होते. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

आता ते गावी एकटेच राहतात. मॉलसमोरच्या टपरीवर संध्याकाळी पाच-सहा जुने विणकर जमतात आणि आवाज न करता तासभर गप्पा मारतात, असं शेजारी सांगतात.

दर रविवारी मी व्हिडिओ कॉल करते. माफी मागायची असते. तोंड स्क्रीनजवळ नेऊन, ओठ नीट हलवत, सावकाश सुरुवात करते, "अप्पा, त्या दिवशी मी..."

एवढं झालं की ते फोन कानाला लावतात. मला नुसता त्यांचा कान दिसतो.

"हं, बोल," म्हणतात. "ऐकतोय मी."