चकतीतली फुलं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेजारचे नाना मोटरसायकलसाठी पॉलिश निवडत होते. प्रत्येक डबी उघडून वास घेत होते. दुकानदार म्हणाला, "हे फक्त टाकीला लावा. ब्रेकच्या चकतीला अजिबात नको, गाडी थांबायची नाही."

नाना हसले. "पूजेची गाडी काय अर्धवट चमकवायची?"

मला वाटलं, आपल्याला थांबवणारं जे काही असतं ते खरखरीतच असतं. घरातलं टोकणारं माणूससुद्धा. आपल्याला मात्र ते गुळगुळीतच हवं असतं.

दसऱ्याच्या सकाळी नानांच्या गाडीला झेंडूचा हार होता. ब्रेकच्या चकतीत त्याची फुलं आरशात दिसावीत तशी दिसत होती. "नाना, थांबा!" मी ओरडेपर्यंत त्यांनी नातीला पुढे बसवलं होतं. चाकाखालचं लिंबू फुटलं आणि गाडी उताराला लागली.