आडवी डहाळी

मला रात्री सायकल चालवायचा नाद लागला तो झोप येत नव्हती म्हणून. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. कुरखेड्याच्या कार्यालयात बदली झाली होती, मुलीच्या शाळेसाठी बायको चंद्रपूरलाच राहिली होती, आणि मी चाळिशी ओलांडलेला माणूस तालुक्यापासून जरा आतल्या एका गावात भाड्याच्या खोलीत पंख्याकडे बघत पडलेला असायचो. जाड टायरची, पुढे शॉकअब्सॉर्बर असलेली गिअरची सायकल कधीतरी हौसेने घेतली होती, ती भिंतीला टेकून उभी होती. एका रात्री जेवण झाल्यावर हेल्मेट चढवलं, हेल्मेटवर एक दिवा, हँडलवर दुसरा, आणि निघालो.

घरमालकीण बाई अंगणात भांडी घासत होत्या. विधवा बाई, तोंडाने फटकळ, मनाने बरी.

"कुठी निघाले जी, साहेब?"

"फिरून येतो जरा."

"इतक्या राती? वाघाले भेटाले जाता का?"

मी हसून टाळलं. सल्ला ऐकायचा नाही हा माझा जुना गुण आहे, आणि कार्यालयातल्या खुर्चीने तो कमी झालेला नाही. गावातून निघून धानाच्या बांद्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, कडेने तलावापर्यंत जायचं, पलीकडे जंगलातली बैलगाडीची चाकोरी धरायची, दोन टेकाडं चढून उतरायची आणि आल्या वाटेने परतायचं, असा माझा फेरा ठरला. आठला निघालो की दहाच्या आत घरी. दिव्याच्या उजेडात फक्त पुढची दहा-पंधरा पावलं दिसत. तेवढ्यातला दगड, तेवढ्यातला खड्डा सांभाळायचा. बाकी सगळ्या काळज्या अंधारात राहत, आणि मला नेमकं तेच हवं होतं. आठवडाभरात मला झोप लागायला लागली.

पावसाळा सरला, धान पोटऱ्यात आलं, आणि वाटेवर डहाळ्या दिसायला लागल्या.

तलावाकडची ती वाट एका बांदीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाते. वाटेच्या गावाकडच्या तोंडाशी पानांसकट एक ओली डहाळी आडवी पडलेली, तिच्या बुडख्यावर दगड. तशीच एक तलावाकडच्या तोंडाशी. पहिल्या रात्री मी ऐटीत सायकल उडवून तिच्यावरून न्यायला गेलो आणि गुडघा फोडून घेतला. उठलो, दगड लाथेने सारला आणि डहाळी ओढून बाजूच्या नालीत फेकली. दुसरीही फेकली. कोणा टारगटाचं काम असेल म्हणून मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. दोन दिवसांनी गेलो तर पुन्हा तेच. मग मी ते कामच लावून घेतलं. उतरायचं, उचलायचं, फेकायचं आणि पुढे जायचं.

माझ्या लेखी ते पुण्याचं काम होतं. मी माजरीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलो. ट्रकमधून पडलेले कोळशाचे गोळे रस्त्यात असत, आणि वडील स्कूटर थांबवून, उतरून, ते पायाने कडेला सारत. आई म्हणायची, वाटेतला काटा उचलावा, मागच्याचे पाय वाचतात. धानाच्या मुलखाची रीत मला कुणी शिकवली नव्हती आणि मीही कुणाला विचारली नव्हती.

दसऱ्यानंतरची गोष्ट. सकाळी गावात पळापळ झाली. तलावावर मासे धरणारा एक म्हातारा, रोज जाळं काढायला भल्या पहाटे जाणारा, त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर निघाला होता आणि त्या धुऱ्यावर पडलेला सापडला. जीव होता. उजवा हात कोपरापर्यंत जळून काळा पडला होता. कुणीतरी जीप आणली, त्याला गडचिरोलीला नेलं. मोटारीच्या स्टार्टरचा करंट लागला, असं सगळे म्हणत होते. मलाही तेच सांगितलं गेलं, आणि मी हळहळून कार्यालयात गेलो. चार दिवसांनी कळलं की हात कोपराखालून कापावा लागला.

खरं काय ते बाईंनी सांगितलं, तेही पंधरा दिवसांनी. दिवाळी झाली होती. आजूबाजूच्या बांद्यांत कापणी सुरू झाली होती, कापलेल्या धानाचे कडपे पसरले होते, आणि त्या एका बांदीतलं धान तसंच उभं होतं. मी सहज विचारलं, याचं का कापत नाहीत?

बाईंनी आधी दार लोटलं. "कोनाले सांगान नाई ना? तुमी सरकारी मानूस."

मी नाही म्हटलं.

"डुकरं धान खातेत जी. म्हनून लोक राती बांदीभवती तार लावतेत अन् लाइनवर आकडा टाकतेत. सगळेच लावतेत. पन लावाचा तं वाटेच्या दोनी तोंडावर डहाळी आडवी टाकाची अन् वर दगड ठेवाचा. डहाळी दिसली का मानूस दुसऱ्या वाटेनं जाते. बापदादापासून डहाळी म्हनजे वाट बंद. यानं करंट लावला अन् डहाळी नाई टाकली. म्हातारा गेला तसाच. आता कोन जाईन याच्या कापनीले? पडू दे धान झडून."

मी ताटावर बसलो होतो. हातातला घास ताटात परत ठेवला. बाई विचारत होत्या, भाजी खारट झाली का जी?

त्या रात्री मी सगळं पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं, कुठेतरी चूक निघेल या आशेने. म्हातारा सापडला त्याच्या आदल्या रात्री मी गेलो होतो. दोन्ही डहाळ्या फेकल्या होत्या. परत येताना त्या बांदीतल्या राखणीच्या मांडवावर विडीचा लाल ठिपका दिसला होता, हेही आठवलं. चूक निघाली नाही. मला घाम फुटला, आणि खरं सांगायचं तर त्या घामात म्हाताऱ्याच्या हाताइतकीच माझ्या नोकरीचीही भीती होती. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढचे आठ दिवस मी काहीच केलं नाही. सायकलीवर चादर टाकली. कार्यालयात जाताना ती बांदी दिसू नये म्हणून लांबच्या रस्त्याने जायचो. पण धानाला धीर नसतो. पिकून वाकलं, की वाऱ्याने झडायला लागतं. एका संध्याकाळी मी त्या बांदीवर गेलोच.

बांदीवाला माझ्याच वयाचा असेल. बायकोला घेऊन एका कोपऱ्यातून कापत होता. दोघांच्याने ती बांदी पंधरा दिवसांतही कापून झाली नसती. मला पाहून त्याने विळा खाली ठेवला आणि बायकोला पाणी आणायला पाठवलं. मी जे सांगायचं ते एका दमात सांगून टाकलं.

"मले मालूम हाये," तो म्हणाला.

मी विचारलं, कसं काय?

"त्याच दिशी सकारी पाह्यलो. डहाळी नालीत पडून होती, बाजूले तुमच्या टायराचे ठसे. तसे टायर गावात दुसऱ्या कोनाचे हायेत? तुमचा लाइट रोज दिसे मले. तुमी वापस गेले का मंग मी वाटेवर तार ओढत होतो अन् आकडा टाकत होतो. तुमाले काही होऊ नोको म्हनून. डहाळी तं संध्याकाळीच टाकलेली राहे. सकारी ते नालीत दिसे तं ढोरानं सारली समजत होतो. ते तुमी उचलसान हे कोनाच्या मनात येईन जी?"

"मग बोलला का नाही? सगळं गाव तुला दोष देतंय."

"कोनाले सांगू? तुमचं नाव घेतलो तं तुमच्या हापिसात जाईन, तिथून पोलिसात. करंट तं म्याच लावलो होतो ना."

"मी गावासमोर सांगतो."

"गावाले नोको." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगून तुमाले मोकळं वाटन अन् मी अंदर जाईन. सांगाचंच असन तं त्याले सांगा. हात त्याचा गेला."

मला राग आला, त्याचा नाही, त्याच्या म्हणण्यातल्या खरेपणाचा. आठ दिवस मी ज्या कबुलीला माझं प्रायश्चित्त समजून मनात घोळवत होतो त्यात या माणसाचा विचार कुठेच नव्हता.

म्हाताऱ्याच्या घरी गेलो तेव्हा तो अंगणात बसला होता. जाळ्याची एक कड पायाच्या अंगठ्यात अडकवून डाव्या हाताने सुई घालत होता आणि ती पुन्हा पुन्हा निसटत होती. उजव्या हाताच्या थोट्यावर पांढरी पट्टी. मी समोर जमिनीवर बसलो. या वेळी एका दमात सांगता आलं नाही. मध्येच थांबलो, मग पुन्हा सुरू केलं.

सगळं ऐकल्यावर त्याने विचारलं, "किती राती उचलले?"

"महिनाभर. आठवड्यातून तीन-चारदा."

त्याने सुई जाळ्यात खोचून ठेवली. "माही सून बी त्याच वाटेनं येते. मच्छी न्याले. ते उजेड पडल्यावर येते म्हनून."

म्हणजे उजेड पडायच्या आत बांदीवाला आकडा काढत असे, म्हणून ती वाचली. मी माफी मागितली. त्याने ऐकलं असेल, पण मान हलवली नाही. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाला, "उद्या सकारी त्याच्या बांदीत येजा."

मला वाटलं, तिथे सगळ्यांसमोर माझा निकाल लागणार. रजेचा अर्ज लिहून ठेवला. बायकोला फोन करायला घेतला आणि काय सांगावं हे न कळून ठेवून दिला.

सकाळी गेलो तर बांदीवाला आणि त्याची बायको एका कडेला कापत होते. म्हातारा धुऱ्यावर डाव्या हातात विळा घेऊन उभा. दुसरं कुणी नव्हतं. त्याने मला बांदीत उतरायला सांगितलं. धान कापायला दोन हात लागतात, एकाने मूठभर ताटं धरायची आणि दुसऱ्याने विळा ओढायचा.

"मूठ धरा," तो म्हणाला.

मी वाकून ताटं मुठीत धरली. त्याने विळा लावला. त्याचा डावा हात सरावाचा नव्हता, विळा माझ्या करंगळीच्या बोटभर खालून गेला. मी हात आखडला तसा तो म्हणाला, "सैल नोको. घट्ट धरा, मंग लागत नाई." आम्ही तसेच पुढे सरकत राहिलो. मी धरायचो, तो कापायचा, मी कडपा ठेवायचो. तासाभरात माझी कंबर मोडली. त्याचा श्वास मला माझ्या खांद्याशी ऐकू येत होता.

बाजूच्या बांद्यांतली माणसं थांबून बघत होती. ज्याचा हात गेला तोच याचं धान कापतोय, हे त्यांना उमगत नव्हतं. शेवटी चार-पाच जण धुऱ्यावर आले. त्यातल्या एकाने विचारलं, "काऊन गा बाबा? यानं डहाळी टाकली नाई, अन् तू याचंच धान कापून राह्यला?"

मी ताठ झालो. बोलायचं ते आता, असं मनात आलं, आणि मी तोंडही उघडलं.

म्हातारा मान वर न करता म्हणाला, "डहाळी होती. मलेच दिसली नाई. अंधार होता, घाईत होतो, ओलांडून गेलो."

"मंग आजवर बोलला काऊन नाई?"

"लाज वाटली. पन्नास वर्सं त्या वाटेनं गेलो अन् डहाळी दिसली नाई म्हनू?" मग माझ्याकडे वळला. "मूठ धरा, साहेब."

मी मूठ धरली. बांदीवाला पाठ करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. दुपारपर्यंत पंधरा-वीस विळे बांदीत उतरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धानाचं पुंजणं रचून झालं.

घरी निघताना मी म्हाताऱ्याला गाठून विचारलं, मला माफ केलं का. तो म्हणाला, "राती बोटं दुखतेत अजून. हात नाई, तरी दुखतेत. ते थांबलं का सांगीन."

त्याने अजून काही सांगितलेलं नाही. मी गावातच आहे, बदलीसाठी अर्ज केला नाही. सायकल दिवसा चालवतो. बांदीवाल्याकडे लोक जातात-येतात, त्याच्या नावावरचा डाग गेला. तो डाग म्हाताऱ्याने आपल्या अंगावर घेतला, हे मात्र आम्हा तिघांनाच ठाऊक आहे.

गेल्या उन्हाळ्यात गावात लग्न होतं. पंगतीकडे येताना म्हाताऱ्याचा पाय मांडवाच्या दोरीत अडकला आणि तो जरा धडपडला. कुणीतरी ओरडलं, "पाहून चाल गा बाबा, नाई तं दुसरा बी हात जाईन." सगळी पंगत हसली. म्हातारासुद्धा हसला, आणि जागा बघून माझ्या समोर बसला. मीही हसलो.